सावलीचं परस सजवायचंय? आधी सावली ओळखा, मग रोप घ्या

सिंधुदुर्गातल्या घरांसाठी चिवट आणि देखण्या झाडांची माहिती. लागवड, निगा आणि मुला-गुरांची काळजी

पावसाचा पहिला जोर ओसरला की आठवडा बाजारात रोपांचे टेम्पो उभे राहतात. फुललेला गुलाब, लालभडक जास्वंद, पिवळाधमक झेंडू. बघितलं की हात खिशात जातोच. रोप घरी येतं आणि मागीलदारी आंब्याखाली लागतं. पंधरा दिवस बरे जातात. मग कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात, काडी लांबच लांब वाढून वाकडी होते. चतुर्थीपर्यंत कुंडी रिकामी. "आमच्या हाताला गुणच नाही" म्हणून आपण तो नाद सोडून देतो.

दोष हाताचा नसतो. उन्हातलं झाड सावलीत लावलं, एवढंच झालेलं असतं. आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरांभोवती आंबा, फणस, माड, पोफळी असतात. म्हणजे परसात सावली असणारच. त्या सावलीला मानवणारी झाडं निवडली तर तीच जागा वर्षातले दहा महिने हिरवीगार राहते. त्यातली बरीच झाडं विकत घ्यावी लागत नाहीत. शेजारी, आजोळी, वाडीत कुणाकडे तरी ती असतातच.

थोडक्यात महत्त्वाचं

• गुलाब, झेंडू, जास्वंद, मोगरा, बोगनवेल, सदाफुली ही उन्हातली झाडं आहेत. सावलीत पैसे घालवू नका.
• सावलीत शोभा मुख्यतः पानांची असते. फुलं हा वरचा लाभ.
• रोप घेण्याआधी एक दिवस मोबाइलने जागेचे फोटो काढा आणि सावली कुठल्या प्रकारची ते ठरवा.
• धरत्या हापूसखाली रोज पाणी मागणारी झाडं नकोत.
• शोभेची बरीच झाडं मुलांना आणि गुरांना बाधतात. छाटलेला पाला गोठ्यात टाकू नका.

सावलीत गुलाब का फुलत नाही?

झाड आपलं अन्न उजेडावर तयार करतं. फूल धरायला त्याला जास्तीची ताकद लागते. गुलाब, झेंडू यांना दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की झाड आधी कळ्या सोडतं, मग उजेडाकडे झेपावतं. दोन पानांमधलं अंतर वाढतं, काडी बारीक होते, झाड एका अंगाला कलतं. ही लक्षणं दिसली की खत घालून काही उपयोग नाही. जागाच बदलायला हवी.

सावलीतल्या झाडांची गोष्ट उलटी असते. त्यांची पानं रुंद आणि गडद हिरवी असतात, कारण थोड्या उजेडातून जास्तीत जास्त अन्न मिळवायचं असतं. अळूचं, हळदीचं, सुरणाचं पान आठवून बघा. अशा झाडांना दुपारचं ऊन लागलं तर पानं करपतात. म्हणून आधी सावली ओळखायची.

तुमच्या परसात कुठली सावली आहे?

सुट्टीच्या दिवशी एकाच जागी उभं राहून मोबाइलवर पाच फोटो काढा: सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता. संध्याकाळी ते एकामागून एक बघा. ऊन कुठे, किती वेळ थांबतं ते लगेच कळतं. ढगाळ दिवशी हे करू नका.

दुसरी सोपी खूण हाताची. भर दुपारी जमिनीपासून फूटभर वर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ती जागा उन्हाची. सावली पडते पण कडा पुसट आहेत, तर मध्यम सावली. हाताची सावलीच दिसत नाही, तर गडद सावली.

आपल्याकडे साधारण चार प्रकार आढळतात.

१. चाळणीतली सावली. माड, पोफळ, शेवगा यांच्याखाली ऊन-सावलीचे ठिपके पडतात आणि दिवसभर हलत राहतात. सर्वांत चांगली जागा हीच.

२. अर्धी सावली. घराच्या पूर्वेला सकाळचं तीन-चार तास ऊन, मग सावली. फुलं हवी असतील तर ही जागा राखून ठेवा. पश्चिमेची अर्धी सावली वेगळी. तिथलं दुपारचं ऊन तापट असतं, तिथे फक्त चिवट झुडपं लावा.

३. उजेडाची सावली. पडवी, घराची उत्तर बाजू. थेट ऊन नाही, पण वर आभाळ मोकळं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या भिंतीलगत मे महिन्यात अचानक ऊन येतं आणि नाजूक पानं भाजून निघतात. तेवढे दिवस झापाचा किंवा शेडनेटचा आडोसा करा.

४. गडद सावली. दाट फणस, जुना आंबा, चिंच यांच्याखाली किंवा दोन घरांमधल्या बोळात. इथे फुलांची आशा धरू नका. पानांवर भर द्या.

कुठल्या सावलीत काय लावाल?

अर्धी सावली, सकाळचं ऊन

अबोली: तीन-चार तास कोवळं ऊन मिळालं तरी फुलते. फुलाला वास नाही, पण गजरा दोन-तीन दिवस टवटवीत राहतो. पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून वरंब्यावर लावा. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते फुटून बी उडतं. बी हवं असेल तर पावसाआधी बोंडं काढून ठेवा.

तगर: देवपूजेला बारमाही पांढरी फुलं. पश्चिमेच्या बाजूलाही टिकते. एकेरी आणि भरगच्च अशा दोन्ही प्रकारची मिळते. फांदी लावली तरी जगते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कोरांटी: पाणी विसरलात तरी मरत नाही. पिवळी काटेरी असते, ती गडग्याच्या कडेला ठेवा. निळी, पांढरी, गुलाबी बिनकाट्याची असते, ती वाटेशेजारी चालते. बहर दिवाळीच्या आसपास येतो. त्या दिवसांत बाकी झाडं थंडावलेली असतात, म्हणून ती उठून दिसते.

गुलबक्षी: एकदा लावली की आपोआप येत राहते. फुलं दुपारी चारनंतर उमलतात. शेतातून घरी येता तेव्हा ती तुमची वाट बघत असतात. बी आणि मुळं विषारी आहेत, एवढं मुलांना सांगून ठेवा.

तेरडा: कोकणात कितीतरी घरांत गौर तेरड्याचीच असते. परसाच्या कडेला पाऊस सुरू झाल्यावर बी फेकलं की काम झालं. "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणतात ते एका फुलाबद्दल खरं, पण झाड महिना-दीड महिना फुलत राहतं.

कोलियस: रंगीत पानांचं. तांबडं, जांभळं, पिवळसर. काडी पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी आठ-पंधरा दिवसांत मुळं धरते. शेंडे खुडत राहा, फुलाचा तुरा आला तर तोही काढा, म्हणजे झाड भरगच्च होतं. गडद सावलीत याचा रंग फिका पडतो. क्रोटनचंही तसंच.

चाळणीतली सावली: माडाखाली, पोफळीखाली

सोनटक्का: पांढरंशुभ्र, फुलपाखरासारखं फूल आणि सुटलेला वास. ओल आवडते, म्हणून न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर किंवा विहिरीजवळ लावा. पावसाळ्यात फुलायला लागतो. एका दांड्याला एकदाच फुलं येतात. फुलून झालेला दांडा बुडातून कापा, शेजारून नवे कोंब येतात.

पेव: रानात पावसाळ्यात दिसतो तोच. दांडा पिळलेल्या जिन्यासारखा वर चढतो. टोकाला तांबडं बोंड आणि त्यातून पातळ कागदासारखं पांढरं फूल. पाऊस संपला की वाळतो, कंद जमिनीत जिवंत राहतो. मेलाय समजून खणू नका.

भुईचाफा: चैत्र-वैशाखात सगळं रखरखीत असताना बिनपानांच्या जमिनीतून थेट सुवासिक पांढरं-जांभळं फूल वर येतं. मग पावसात पानं येतात, वरून नक्षीदार, खालून जांभळट. हिवाळ्यात झोपतो. त्या वेळी पाणी घातलं तर कंद कुजतो. लावलेल्या जागी खुणेला चिरा ठेवा, नाहीतर कुदळ चालते.

हेलिकोनिया: केळीच्या जातीसारखी पानं आणि लाल-पिवळे चोचीसारखे तुरे. कापून पाण्यात ठेवले की तुरे आठवडाभर टिकतात. गठ्ठ्याने वाढतो, म्हणून चारी बाजूंनी दोन-तीन फूट जागा सोडा.

हळद आणि आंबेहळद: शोभेची म्हणून कुणी लावत नाही, पण एका रांगेत लावून बघा. रुंद पानांची हिरवी भिंत तयार होते. पातोळ्यांना पान मिळतं आणि पौष-माघात हळद मिळते ती वेगळी.

नागवेल आणि मिरी: पोफळीवर चढवलेली वेल शोभेची आणि उपयोगाचीही. सावली म्हणजे वाया गेलेली जागा नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ, लवंग घेण्याची 'लाखीबाग' दाखवून दिलीच आहे.

उजेडाची सावली: पडवी आणि उत्तर बाजू

इथे कुंड्या चांगल्या. नेचे टांगत्या टोपलीत फार छान दिसतात, पण माती सुकता कामा नये. बिगोनिया, रंगीत पानांचा अळू म्हणजे कॅलेडियम, अ‍ॅग्लोनिमा, लाल पानांची ड्रॅसिना ही सगळी या जागेला मानवतात. पानओवा एका कुंडीत ठेवाच. पान मऊ, वास छान, भजीला चालतं आणि काडी खोचली की जगतं.

गडद सावली: दाट झाडाखाली किंवा बोळात

स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि मनी प्लांट ही तीन झाडं सहसा दगा देत नाहीत. पहिली दोन जास्त पाण्यानेच मरतात. माती पूर्ण सुकली की मगच पाणी. पावसाळ्यात ती पागोळ्यांखाली ठेवू नका. मनी प्लांट आंब्या-फणसावर मात्र चढवू नका. झाडावर चढला की पान सुपाएवढं होतं, बुंधा झाकून जातो आणि फणस काढताना त्रास होतो.

कडेची झुडपं

गडग्यालगत ऊन-सावलीच्या सीमेवर शेरवड लावा. केशरी छोटं फूल आणि त्याला चिकटलेलं मोठं पांढरं पान, लांबूनही दिसतं. चतुर्थीच्या माटवीला बाहेर शोधत फिरावं लागत नाही. मोकाट गुरांचा त्रास असेल तर बाहेरच्या रांगेला अडुळसा लावा. गुरं-बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि पांढऱ्या फुलांनी तो दिसतोही बरा.

हापूसखाली बाग करताय? जरा थांबा

हा मुद्दा महत्त्वाचा, कारण इथे वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे. आंब्याला मोहोर येण्याआधी जमीन कोरडी राहावी लागते. पावसाळा संपल्यापासून मोहोर येईपर्यंत बुंध्याभोवती रोज पाणी पडत राहिलं तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढतं. शोभेच्या चार झाडांसाठी पेट्या कमी झाल्या तर तो सौदा महागाचा.

उपाय सोपा आहे. धरत्या हापूसखाली पावसावर वाढणारी आणि पाऊस संपला की झोपणारी कंदांची झाडं लावा: भुईचाफा, पेव, हळद, आंबेहळद. दिवाळीनंतर त्यांना पाणी लागतच नाही. रोज पाणी लागणारी झाडं कुंडीत ठेवा किंवा न धरणाऱ्या झाडाखाली न्या.

कुठल्याही मोठ्या झाडाखाली लावताना आणखी तीन गोष्टी पाळा.

• बुंध्याभोवती मातीचा ढीग किंवा चिऱ्यांचा पार भरू नका. साल सतत ओली राहून कुजते.
• जाड मुळं तोडू नका. दोन मुळांमध्ये जिथे कुदळ सहज जाते तिथेच छोटा खड्डा घ्या. चिंच, फणसाखाली मुळांचं जाळं दाट असतं, तिथे सरळ कुंड्याच ठेवा.
• पाचोळा जाळू नका. कोपऱ्यात चिऱ्यांचा हौद करून त्यात टाका, वर शेणकाला शिंपडा. तो कुजला की सावलीतल्या झाडांना याच्यापेक्षा चांगलं खत नाही.

लागवड कशी कराल?

योग्य वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत. मुसळधार पावसाच्या तोंडावर लावलं तर लाल माती वाहून मुळं उघडी पडतात.

जांभ्याच्या कातळावर माती वीतभरच असते. तिथे खणण्याच्या भानगडीत न पडता चिरे मांडून फूटभर उंचीचा वाफा करा. तळाला नारळाच्या सोडणांचा थर द्या, उलटी बाजू वर. त्यावर दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं पानांचं खत अशा हिशेबाने मिश्रण भरा. ताजं शेण घालू नका, मुळं भाजतात.

उंच झाडं मागे, बुटकी पुढे. एकेक प्रकार एकच लावला तर परस विस्कटलेलं दिसतं. एका प्रकारची तीन-पाच रोपं एकत्र लावा. गडद कोपऱ्यात पांढरी फुलं आणि पांढरे पट्टे असलेली पानं लावा, संध्याकाळी तीच उठून दिसतात. लाल-जांभळी पानं पूर्वेच्या उजेडात ठेवा, अंधारात ती काळपट वाटतात.

पाणी बोट घालून ठरवा. बोटाचं एक पेर ओलं लागलं तर आज पाणी नको. सावलीत माती लवकर सुकत नाही, आणि इथली झाडं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानेच जास्त मरतात. न्हाणीचं पाणी कर्दळ, सोनटक्का, केळ यांना चालतं. कपड्यांच्या सोड्याचं पाणी कुंड्यांना देऊ नका.

मुलं, गुरं आणि घरचे: ही काळजी घ्याच

कच्च्या अळूने घसा खाजतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात सुईसारखे बारीक खडे असतात, ते तोंडात टोचतात. नीट शिजवून, कोकम किंवा चिंच घालून आपण अळू खातो. शोभेचा रंगीत अळू, डायफेनबाखिया, अ‍ॅग्लोनिमा, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम ही त्याच कुळातली झाडं. त्यांच्यातही तेच खडे असतात. म्हणून रंगीत अळू भाजीच्या अळूशेजारी कधीच लावू नका. घाईत पान चुकून पातेल्यात जाऊ शकतं.

मुलाने पान चावलं तर तोंडातला चोथा बोटाने काढा, चूळ भरायला लावा, थंड पाणी किंवा दूध द्या. उलटी करवू नका. जीभ, घसा सुजला, गिळता येईना किंवा श्वास जड झाला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि पान सोबत न्या. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवा, मग डॉक्टरांना दाखवा.

कळलावी, म्हणजे अग्निशिखा, पावसाळ्यात कुंपणावर फार देखणी दिसते. पण तिचा कंद अतिशय विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरी ती नकोच. कण्हेरीचं पानसुद्धा घातक.

गुरांच्या बाबतीत धोका उभ्या झाडापेक्षा छाटणीत जास्त. बाग साफ केली आणि पाला गोठ्याकडे टाकला, असं होतं. पानफुटी, कण्हेर, घाणेरी आणि कळलावी यांचा पाला गुरांना विषारी ठरतो. बांधलेलं भुकेलं जनावर समोर येईल ते खातं. हा पाला खतखड्ड्यात टाका आणि खड्ड्याला कुंपण ठेवा.

डास: डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, करवंटी, रिकामी कुंडी ही त्याची आवडती ठिकाणं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: ताटल्या ओता, घासा, उलट्या ठेवा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

सरपटणारे: दाट झाडी दारापासून आणि पायवाटेपासून तीन-चार फूट लांब ठेवा. पाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या फटीत फुरसं बसतं, ते रंगामुळे दिसत नाही. हात घालण्याआधी काठीने पाचोळा हलवा, रात्री बॅटरी घ्या. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक हे काही करू नका. माणसाला शांत ठेवा, हात-पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

रोपं कुठून आणाल?

आधी वाडीत चौकशी करा. सोनटक्का, भुईचाफा, हळद, अबोली, तगर, कोरांटी यांच्या काड्या-कंद द्यायला कुणी नाही म्हणत नाही. जे झाड शेजारच्या परसात दहा वर्षं टिकलंय ते तुमच्याकडेही टिकण्याची शक्यता जास्त. बाकीची रोपं जवळच्या रोपवाटिकेतून घ्या. आंबा, काजू, मसाला पिकांच्या सावलीबद्दल शंका असेल तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात विचारता येतं.

रोप घेताना फुलं बघू नका. पानांच्या खालची बाजू बघा: पांढरा कापूस, चिकटपणा, जाळी दिसली तर ते रोप नको. कुंडीच्या भोकातून मुळं गुंडाळी होऊन बाहेर आली असतील तर तेही नको. आणि विक्रेत्याला थेट विचारा, "हे तुमच्याकडे उन्हात ठेवलं होतं की जाळीखाली?" उन्हात वाढलेलं रोप असेल तर पंधरा दिवस हळूहळू सावलीची सवय लावा.

घाटातून, रानातून आमरी, नेचे, रानहळद उपटून आणू नका. तिथलं धुकं आणि ओल परसात मिळत नाही, पहिल्याच मेमध्ये ती मरतात. शिवाय राखीव जंगलातून झाडं काढणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे.

वर्षाचं वेळापत्रक

• जून-जुलै: लागवड. तेरड्याचं बी. कोलियस, तगर, कोरांटीच्या काड्या.
• ऑगस्ट-सप्टेंबर: तण काढा, शेंडे खुडा, गोगलगायी संध्याकाळी वेचा. पाणी साचत असेल तिथे चर काढा.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर: धरत्या आंब्याखालचं पाणी बंद. अबोली-तेरड्याचं बी काढून ठेवा.
• डिसेंबर-फेब्रुवारी: कोरांटीचा बहर. वाळलेल्या कंदांच्या जागेवर खुणा करा. हळद काढा.
• मार्च-मे: कुंड्यांना सकाळी लवकर पाणी, मातीवर पाचोळ्याचं आच्छादन. भुईचाफ्याची फुलं बघा. उत्तरेच्या भिंतीलगत आडोसा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सावलीतली झाडं हिरवी आहेत पण फुलतच नाहीत. काय करू?
आधी खत कमी करा. जास्त शेणखत-युरियाने पानंच वाढतात. मग वरच्या झाडाच्या खालच्या दोन-तीन बारीक फांद्या छाटून उजेड वाढवा. एवढ्यानेही फरक पडतो.

पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडतात. औषध मारू का?
बहुतेक वेळा हवा खेळत नाही म्हणून बुरशी येते. डागाळलेली पानं काढा, रोपं विरळ करा. पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला.

सुरुवात किती झाडांनी करावी?
पाच प्रकार पुरेत. पूर्वेला अबोली आणि तगर, माडाखाली सोनटक्का आणि हळद, पडवीत नेचा. यातलं एकही महागडं नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यांनी काढला की पुढची लावा.

येत्या बाजारात रोपांचा टेम्पो दिसला की आधी मोबाइलमधले ते पाच फोटो उघडून बघा. मग ठरवा, कुठलं रोप घरी न्यायचं ते.